तळ्याच्या पोटात चमन पखाली

चमन पखाली पाण्यावर पोट भरायचा आणि पाण्यालाच भ्यायचा. गडमुडशिंगीच्या तळ्याकाठी उतारावर एक पांढरा धोंडा होता. त्याच्यापलीकडे त्याने जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. आपल्या रेड्याला, सुलतानला, तो धोंड्याशी उभा करायचा, त्याच्या पाठीवरची चामड्याची पखाल बादलीसारख्या डोलाने भरायचा, चामड्याच्या वादीने तिचं तोंड आवळायचा आणि मागे वळून न बघता गल्लीत घरोघरी पाणी द्यायला निघायचा.

"तुझ्यापरीस तुझा रेडा धीट हाय," आकाराम म्हणायचा. आकारामचं शेत तळ्याच्या बांधाला लागून होतं आणि तोंड सगळ्या गावाला.

"म्हणूनच त्याला फुडं ठेवतो की," चमन म्हणायचा.

शाहू महाराज गादीवर येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या साली पावसाने गावाकडे पाठच फिरवली. तळं धोंडा सोडून मागे सरकलं. लोक म्हणाले, आता तरी चमनची भीती जाईल. पाणीच नाही तर बुडायचं कशात? झालं उलटंच. तळं आक्रसत गेलं तशी चमनची भीती फुगत गेली. इतकी वर्षं झाकलेलं तळ्याचं पोट उघडं पडलं होतं. त्यात फुटक्या घागरी होत्या, कुणाच्या तरी गाडीचं चाक होतं, एका म्हशीची कवटी होती. बगळेसुद्धा कंटाळून निघून गेले. वर वाळक्या चिखलाची भेगाळलेली पापडी, खाली काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मधोमध थोडं पाणी उरलं होतं आणि बायका घागरी घेऊन तिथवर जात होत्या.

चमन जाईना. गावच्या विहिरीच्या तळाचा गाळ उपसून तो कसंबसं पाणी द्यायचा. मग विहीरही आटली, आणि त्याच वेळी गल्लीतल्या शालूबाईची लेक बाळंत झाली.

"चमन, घरात बाळंतीण हाय," शालूबाई दारात येऊन म्हणाली. "माझा गुडघा धड असता तर मीच गेले असते. तुझ्या त्या धोंड्याला सांग, एक दिवस सुट्टी दे म्हणावं."

"आक्का, बाईमाणसाचं वजन वेगळं. भरल्या पखालीचा रेडा त्या पापडीवर..."

"बायका जात्यात आन् तू रेडा घिऊन भितोस व्हय?" गल्लीतून जाता जाता आकाराम ओरडला.

चमन गेला. जाताना पखाल रिकामी होती, काही झालं नाही. पापडी पायाखाली करकरत होती. पाण्याशी पोचून त्याने पखाल गच्च भरली. थेंबही सांडू नये म्हणून ओल्या वादीच्या एकाला दोन गाठी मारल्या. इथेच चुकलं.

परतीच्या वाटेवर सुलतानचा मागचा पाय आत गेला. मग दुसरा. तो हंबरला नाही, फक्त चमनकडे बघायला लागला. चिखल गरम होता, आणि खालून कुणीतरी घोट घ्यावा तसा आवाज येत होता. बांधावर माणसं जमली, दोर फेकले, पण दोर पुरेना आणि पुढे यायला कुणी धजेना. आकारामचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा मिटलं.

"पाणी वतून टाक! वजन कमी हुईल!" कुणीतरी ओरडलं.

चमन पोटावर पडून सरकत सुलतानपाशी गेला. वादीला हात घातला. उन्हात वादी सुकून आक्रसली होती. गाठ दगडासारखी झाली होती. त्याने दात लावले, नखं लावली, नख उखडलं. गाठ हलली नाही. चिखल सुलतानच्या पोटाला टेकला.

कमरेला चामडं कापायची रापी होती. पखाल बापाची होती. बाप मेल्यावर घरात तेवढी एकच वस्तू उरली होती.

"माझं पाणी रं!" काठीला टेकून उभी असलेली शालूबाई किंचाळली. "पोरगी दोन दिवस ओठ ओले करून पडलीय!"

सुलतानने मान चिखलावर टेकली.

"उठ बेटा," म्हणत त्याने रापी चालवली. बापाची पखाल उभी फाटली. पाणी भसकन खाली गेलं, सुलतानच्या पायांभोवतीचा चिखल सैल झाला, पाठ हलकी झाली. चमनने शेपटी पिरगाळली, शिव्या घातल्या, अल्लाचं नाव घेतलं, सगळं एका दमात. रेडा एका हिसक्यात वर आला आणि धन्याला चिखलात सोडून काठाकडे पळाला.

लोक हसले. सुटकेचं हसू होतं ते. चमन रांगत धोंड्याशी आला. शालूबाई घराकडे वळली, रिकाम्या हाताने.

ऊन कलल्यावर बांधावरच्या लोकांनी बघितलं: डोक्यावर शालूबाईची घागर घेऊन एक माणूस धोंड्यापलीकडे चालला होता. प्रत्येक पावलाला थांबत होता. सुलतान धोंड्याशी उभा होता. त्याने काही केल्या पुढे पाय टाकला नाही.

दिवेलागणीला चमनने घागर शालूबाईच्या उंबऱ्यावर ठेवली. मांड्यांपर्यंत चिखल होता.

शालूबाईने आत डोकावून बघितलं. "निम्मी सांडलीस की रं."

"भीत भीत आणली, आक्का. निम्मीच येती."

तिने पाणी आत नेलं, लेकीच्या ओठाला लावलं आणि रिकामी घागर घेऊन बाहेर आली. चमनने ती डोक्यावर घेतली आणि उरलेली निम्मी आणायला परत निघाला.