गिरणी हलवली, दळण मी वाहिलं

सन पन्नासनंतर कल्याणला आम्ही एका नव्या चाळीत राहायला गेलो. शेजारच्या भातखाचरात जमीनमालकाने पिठाची गिरणी काढली आणि तिचं इंजिन सकाळपासून धडधडू लागलं. मी मुंबईतल्या कचेरीत कारकून. कायदा फक्त आपल्यालाच कळतो, असा माझा समज होता. राहत्या वस्तीत यंत्र चालवायला नगरपालिकेची परवानगी लागते, हे मी शोधून काढलं आणि साऱ्या चाळीच्या वतीने तक्रार केली. चाळीला मात्र विचारलं नाही.

नगरपालिकेचे ओव्हरसियर आले, आवाज ऐकून गेले आणि गिरणी लांब शहाडच्या रस्त्याला हलली. मी मिशीला पीळ देत घरात शिरलो. बायको म्हणाली, "अहो, आता दळण कोण आणणार?"

मीच. दर रविवारी मी डबा खांद्यावर घेऊन निघे. "तुम्ही जाताच आहात तर," असं म्हणत चाळीतल्या बायका आपापली दळणंही माझ्या हाती देत. पहिल्याच रविवारी गिरणीवाला मला बघून ओरडला, "या साहेब! इथं आवाजाला परवानगी हाय!" इंजिनाच्या धडधडीत मला ते ऐकू आलं नाही. त्याने ते पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.