सातूची बिअर

नेपरव्हिलमधला आमचा शेजारी गॅरेजमध्ये बिअर करतो. काही बिनसलं की तो भांडी घासायला घेतो. आधी तो सातूच्या तयार पाकाचा डबा पाण्यात ओतून उकळायचा. "पाकिटातल्या उपम्यासारखं आहे हे, यार," म्हणाला आणि मोड आणून वाळवलेले सातूचे दाणे घेऊन आला. सातू म्हटल्यावर पीठच, म्हणून त्याने ते मिक्सरमधून पार बारीक काढले. गरम पाण्यात त्यांची लापशी झाली. चक्का टांगायच्या फडक्यातून थेंब गळेना. मी म्हटलं, "डबाच बरा." त्याने लापशी मागच्या अंगणातल्या बर्फात ओतली आणि पातेलं घासलं.

पुढच्या खेपेला सातू नुसते भरडले. बिअर झाली. एक घोट घेऊन तो म्हणाला, "डब्याची जास्त चांगली होती," आणि पातेलं घासायला घेतलं.