कॅलेंडरमधली गाणी

आज खिळ्यावरून जुनं कॅलेंडर उतरवलं आणि चाळत उभी राहिले. चौकटींत माझ्याच अक्षरात ‘गॅस लावला’ लिहिलेलं, आणि अधूनमधून एखाद्या अल्बमचं नाव, तो पहिल्यांदा ऐकला त्या तारखेला. मार्चमध्ये सारंगी वाजवणारी एक मुलगी आहे. तिनं घरीच रेकॉर्डिंग केलंय. मध्येच कुकरची शिट्टी होते, ती तिनं काढलेली नाही. ऑगस्टमध्ये कुठल्याशा वाळवंटातले गिटारवाले. त्यांचा एक शब्द कळत नाही, तरी महिनाभर पोळ्या त्यांच्याच ठेक्यावर लाटल्या.

चहाला आलेल्या नणंदबाई हसल्या. “वहिनी, साठी उलटली तुमची. आपल्या वेळची गाणी काय कमी आहेत?”

कमी नाहीत. तोंडपाठ आहेत, तोच घोळ आहे. ती लागली की मी ऐकत नाही, नुसती आठवत बसते. वय झालं की जो तो आपल्याला आपल्याच आठवणी वाढतो, पथ्याच्या जेवणासारख्या. मी नाही जेवणार. पुढची ओळ काय येणार हे ज्याचं माहीत नाही, असं गाणं मला रोज हवं.

“आपली वेळ संपली, असं कुणी सांगितलं तुम्हाला?” मी म्हटलं आणि सारंगी लावली.

त्या ऐकू लागल्या. कप हातातच राहिला. मग शिट्टी झाली, तशा त्या गॅस बंद करायला लगबगीनं उठल्या.

“बसा वन्सं,” मी म्हटलं, “तो कुकर तिच्या घरचा आहे.”