पुस्तकात नसलेला उतारा

कोल्हापूर सोडलं त्या सकाळी मी आत्तीला एक खोटा कागद लिहून दिला. सत्त्याण्णव सालची गोष्ट. रिक्षा दारात उभी होती, बॅगा चढल्या होत्या आणि माझा नवरा सारखा घड्याळ बघत होता. शिरोली एमआयडीसीतली नोकरी सोडून तो जर्मनीतल्या एका कारखान्यात निघाला होता आणि त्याच्यामागं मी. आत्तीनं वहीचं कोरं पान माझ्यापुढं धरलं. "सुमे, पुस्तकातलं ह्यांचं तेवढं लिवून दे. तू गेल्यावर मला कोन वाचून दावनार?"

रिक्षाच्या सीटवर पान ठेवून मी चार ओळी लिहिल्या. तिनं घडी घालून ती पोलक्यात ठेवली. रिक्षा वळली तेव्हा बाकीचे हात हलवत होते. ती मात्र छातीवर हात दाबून उभी होती.

त्या ओळी कुठल्याच पुस्तकात नव्हत्या.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं घर शाहूवाडीत, भातशेतीचं. कॉलेजसाठी मी कोल्हापुरात तिच्याकडं राहिले. दोन म्हशी राखून ती घरोघरी दूध घालायची. तिचे मालक, म्हणजे माझे मामा, फौजेत होते. लग्नाला सात महिने झाले आणि एकाहत्तरची लढाई लागली. आधी तार आली, मग त्यांची ट्रंक आली. लढताना कामी आले, एवढंच तारेत होतं. कसे, कुठं, कुणाजवळ, हे कुणीच सांगितलं नाही.

आत्तीला वाचता येत नव्हतं. मी कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेल्या एका पुस्तकावर तिनं रणगाड्याचं चित्र बघितलं आणि विचारलं, "लढाईचं हाय व्हय? मग ह्यात ह्यांचं असंल की." तिथून तीन वर्षं मी लढाईचीच पुस्तकं आणत गेले. संध्याकाळी दूध घालून ती तांदूळ निवडायला बसायची आणि मी इंग्रजी पुस्तक मराठीत सांगत जायची. कुठल्या साहेबानं कुठून चढाई केली, पूल कुणी उडवला, नकाशात बाण कुणीकडं गेला. ती ऐकायची आणि म्हणायची, "सायबांचं झालं. शिपायांचं काय लिवलंय?" मी पानं उलटायची. शिपायांचा फक्त आकडा असायचा. "त्या आकड्यात ह्ये कंचे?" ती विचारायची. मी पुढचं प्रकरण काढायची.

एकदाच एका परदेशी सैनिकाची डायरी हाती लागली. खंदकातला चिखल, ओले मोजे, आईच्या हातच्या जेवणाची आठवण. मुलूख दुसरा, लढाई दुसरी. तरी आत्ती म्हणाली, "ह्यो खरं बोलतोय." त्याच्या मोज्यांचं तिनं मला दोनदा सांगायला लावलं.

शाहूवाडीकडच्याच एका गावात ज्ञानूतात्या म्हणून पेन्शनवर आलेले शिपाई होते. मामांच्या बरोबरीनं लढलेले. त्यांचा निरोप यायचा, वैनीस्नी म्हनावं एकदा येऊन जावा, सांगायचं हाय. आत्ती ठेवणीतलं लुगडं नेसून एस.टी. स्टँडपर्यंत जायची आणि तिथूनच परत फिरायची. "त्यो काय सांगंल कुनास ठावं. ऐकून मी घरला कशी येऊ?" माणसाला विचारायचं तिला भ्या वाटायचं, म्हणून ती पुस्तकांना विचारत होती. हे मला तेव्हा कळलं नाही.

शेवटच्या वर्षी परीक्षा तोंडावर असताना तिनं पुन्हा विचारलं, "ह्यात तर असंल?" मला तिची कीव आली, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आला होता. मी उघड्या पानावर बोट ठेवलं आणि मामांचं नाव घेऊन वाचल्यासारखं बोलत गेले. कोल्हापूरकडचा हा शिपाई मोर्च्यावर शेवटपर्यंत उभा राहिला. गोळी छातीत लागली. त्याला वेदना झाल्या नाहीत.

आत्तीच्या हातातलं सूप खाली आलं. "परत वाच." मी परत बोलले. "मगाशी 'शेवटपर्यंत' म्हनलीस. ते कुटं गेलं?" मग मी ते पाठच केलं.

दोन दिवसांनी सांगून टाकू, असं मनाशी म्हटलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी तिनं दुधाच्या सगळ्या घरी सांगितलं. मी घाईनं पुस्तक परत करून आले. पुढच्या वेळी तात्यांचा निरोप आला तेव्हा ती हसून म्हणाली, "आता कशाला जायचं? पुस्तकातच आलंय की."

जर्मनीत आम्ही एका लहान गावात राहिलो. तिथं शेजारणीकडं जायलाही टर्मिन लागतो, म्हणजे आधी वेळ ठरवावी लागते. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंकडं माझा दर गुरुवारी चार वाजता टर्मिन असायचा. मी त्यांच्याकडून भाषा शिकत होते. त्यांचा भाऊ युद्धातून परत आला नव्हता. त्याच्याबरोबरच्या दोघा सैनिकांना त्या स्वतः शोधून भेटल्या होत्या. गावच्या लायब्ररीत साध्या शिपायांची पत्रं, त्यांच्या आठवणी, बायकांनी सांगितलेल्या हकिकती, अशी पुस्तकांची एक भिंतच होती. एक पुस्तक चाळताना बाई म्हणाल्या, "कुणीतरी वही घेऊन यांच्यासमोर बसलं, म्हणून हे राहिलं."

त्या दिवशी जिना चढताना मला ज्ञानूतात्या आठवले. शाहूवाडीच्या गाडीत बसलं की दोन तासांवर एक माणूस सांगायला तयार होता. वही माझ्याकडं होती, लिहायलाही येत होतं. मी वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "ज्ञानूतात्या व्हय? त्यास्नी जाऊन तीन वर्सं झाली की."

दोन हजार पाचच्या सुट्टीत कोल्हापूरला आले तेव्हा आत्तीला समोर बसवून सांगितलं.

"समदं रचलंस?"

"समदं."

"छातीत गोळी लागली, ते बी?"

"ते बी."

"आट वर्सं त्यो कागद मी रोज कपाळाला लावलाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली. "मला खोटं पायजे असतं तर मी घरात बसून रचलं नसतं व्हय? त्याला तुजं कॉलेज कशाला लागतंय?"

म्हशींची धार काढून ती परत आली. "उद्या तात्याच्या घरला जाऊ."

"तात्या गेले, आत्ती."

"बायको हाय न्हवं?"

तात्यांच्या बायकोनं आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा दिला. आत्तीनं विचारलं तेव्हा त्या बराच वेळ आठवत राहिल्या. "आमचं हे म्हनायचे, तुमच्या मालकास्नी पान्याचं लई भ्या. नावंत बसलं की आमच्या ह्यांचा हात धरायचे, सोडायचेच न्हाईत. फुडचं मला कवा सांगितलं न्हाई. वैनी आल्या तर त्यास्नीच सांगीन, म्हनायचे."

परतीच्या गाडीत आत्ती खिडकीशी बसली होती. बांबवडे गाव मागं पडल्यावर म्हणाली, "पान्याचं भ्या. मला म्हाईतच न्हवतं. सात म्हयन्यात आमी नदीला गेलोच न्हवतो." मी तिचा हात धरायला गेले. तिनं काढून घेतला नाही, पण माझ्याकडं बघितलंही नाही.

पुढं काय झालं ते सांगणारा माणूस माझ्यामुळं न सांगताच गेला. ह्याची भरपाई माझ्याकडं नाही. तुमच्यापैकी जे देशाबाहेर पडलात त्यांना ठाऊक असेल, आपण लांबून घरच्यांना बरंच गोडगोड सांगत असतो. थंडी सोसते, माणसं चांगली आहेत, करमतं. मला ती सवय गाव सोडायच्या आधीच लागली होती.

आता रविवारी फोन केला की आत्ती सहज विश्वास ठेवत नाही. बर्फ पडलंय म्हटलं तरी "खरं?" म्हणून विचारते. पहिल्यांदा ते फार लागलं. आता वाटतं, माझं बोलणं असं पारखून घेणारं जगात एवढं एकच दार आहे, आणि माझं घर तेच. मागच्या रविवारी तिनं नेहमीसारखं विचारलं, "बरी हायस न्हवं?" माझ्या ओठावर 'व्हय' आलं होतं.

"न्हाई आत्ती," मी म्हटलं. "हितं मला अजून करमत न्हाई."

पलीकडं तिनं पाट ओढून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "हां. आता सांग."