एकाही चकतीभोवती कडं नव्हतं

प्रयोगशाळेत सगळे तिला काकू म्हणायचे. रुग्णांच्या रक्तात, लघवीत कोणते जंतू आहेत ते बशीत वाढवून बघायचं आणि ते कोणत्या औषधाने मरतात हे डॉक्टरांना कळवायचं, हे तिचं काम. चपट्या बशीत जंतू सारवायचे, वर औषधाच्या इवल्याशा चकत्या ठेवायच्या. सकाळी ज्या चकतीभोवती स्वच्छ गोल कडं दिसेल, ते औषध लागू. निम्मं आयुष्य यात गेलं होतं, किळस तर केव्हाच मेली होती. "काकूंचं माहेर जंतूंकडचं," असं पोरी चिडवायच्या.

मग थोरल्या जाऊबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन त्याच रुग्णालयात झालं. साधंच, पण ताप चढला तो उतरेना. लघवीचा नमुना काकूच्याच टेबलावर आला.

सकाळी तिने बशी उजेडात धरली. एकाही चकतीभोवती कडं नव्हतं. जंतू प्रत्येक चकतीला खेटून माजले होते, चकचकीत, शेंबडासारखे चिकट. तिने तडक जाऊबाईंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"चकत्यांत नसलेलं एक जुनं औषध उरलंय," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडाला झेपलं तर ठीक."

जाऊबाईंना वेगळ्या खोलीत हलवलं. काकू झगा, हातमोजे चढवून आत गेली.

"काय गं, काय पिकलंय माझ्यात?" ग्लानीतही त्यांची जीभ शाबूत होती.

"जरा हट्टी जंतू आहेत, जाऊबाई."

"मग माझ्यावरच गेलेत."

काकूला हसू आलं नाही.

ताप उतरणीला लागला आणि दुसरा नमुना आला. आधीच्या वॉर्डात जाऊबाईंच्या शेजारच्या खाटेवर असलेल्या आजींचा. बशी हुबेहूब तशीच. निकाल कळायच्या आधी ती त्या दोन खाटांच्या मध्ये बसली होती. जाऊबाईंची लघवीची पिशवी तिनेच सरळ केली होती. तेवढ्यात आजी म्हणाल्या होत्या, "पोरी, घोटभर पाणी दे गं." तिने पेला त्यांच्या ओठांना लावला होता. मध्ये हात धुतले होते का? जन्मभर दुसऱ्यांना हात धुवायला लावणाऱ्या बाईला ते काही केल्या आठवेना.

तिने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं.

"तुमच्याच हातून गेले, असं कोण सांगणार?" त्या म्हणाल्या. "नळावरून गेले असतील, खाटेच्या दांडीवरून. माझ्याही हातून."

आजी वाचल्या नाहीत.

जाऊबाई घरी आल्या. ताप गेला तरी असे जंतू पोटात महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून राहू शकतात, हे काकूला ठाऊक होतं. एका सकाळी त्यांनी कंगवा पुढे केला.

"हात वर जात नाही गं. वेणी घाल."

काकू मोरीत गेली. कोपरापर्यंत साबण लावला, धुतला, पुन्हा लावला.

"अगं, वेणी घालायचीय, ऑपरेशन नाही!" जाऊबाई आतून ओरडल्या.

ती त्यांच्या मागे बसली. केसांचे तीन पेड केले. बोटं मानेला लागू न देता ती गुंफत गेली, वेणी सैलच झाली. जाऊबाईंनी ती चाचपून पाहिली, पण नेहमीसारखं नाव ठेवलं नाही.