उंबऱ्याआतली राणी

रिसोडला आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कमलकाकू रिकाम्या खुर्चीशी बोलायच्या. काका गेल्यापासून त्यांच्या त्या खुर्चीवर काकूंनी कोणाला बसू दिलं नव्हतं. खाली राणी झोपायची. राणी म्हणजे त्यांची मांजर. तिनं जन्मात घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

राणीला दरवर्षी लस टोचा, डॉक्टरांना दाखवून आणा, असं सांगून सांगून मी थकले. काकूंचं उत्तर ठरलेलं. "थे उंबरठा वलांडत नाही, मंग तिले कायले सुई?"

एका दुपारी मोरीच्या भोकातून मुंगूस थेट स्वयंपाकघरात आलं. माणसाला न भिता, झोकांड्या खात आलं आणि राणीच्या पंजाला चावून गेलं. मुंगूस दिसणं शुभ, म्हणून काकूंनी त्याला हाकललं तर नाहीच, वर देवापुढे साखर ठेवली. हे त्यांनी मला कौतुकानं सांगितलं, तेव्हा मी कपाळावर हात मारला. तरी दवाखाना नकोच म्हणाल्या.

काही आठवड्यांनी राणीचा आवाज बदलला, माणसानं कण्हावं तसा झाला. खाणंपिणं सुटलं, लाळ गळू लागली. दिवसभर ती त्या खुर्चीकडे एकटक बघत बसे. काकू मात्र हरखल्या होत्या. "तिले हे दिसून राह्यले. आले बाई एकदाचे." त्या तिला उचलून खुर्चीवर ठेवायला गेल्या, तर ती मनगटाला कडाडून चावली. दुसऱ्या दिवशी सकाळी राणी मेलेली सापडली.

काकूंनी जखमेवर हळद दाबली होती. मी म्हटलं, मांजर पिसाळलेली होती, आत्ताच्या आत्ता सुया घ्यायला चला, नाहीतर तुम्हीही जाल. त्या जागच्या हलेनात. हळूच म्हणाल्या, "थे पिसाळली होती, तं मंग हे आलेच नव्हते, असंच ना?"

असा राग आला, आणि असं भडभडून आलं मला! भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी बोलून गेले, "काका आलेच होते, काकू. त्याइनंच मले सांगितलं, हिले दवाखान्यात ने." काकूंनी खुर्चीकडे पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या.

पुढे त्यांनी सगळ्या सुया न चुकता घेतल्या, वाचल्या, आणि गेल्या उन्हाळ्यात म्हातारपणानं गेल्या. मला आठवतो तो दवाखान्यातला पहिला दिवस. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"जरा सरक वं. हे उभेच हायेत."

मी सरकले.