बिनसाखरेचा चहा

मंगळवार, सकाळ. दवाखान्यात हजर : मी डॉक्टर, नर्स शैलाताई, कोरोना झालेले आबा, त्यांची बायको.

आबांचा ऑक्सिजन ठीक होता. मी त्यांना घरी पाठवणार, तोच काकू म्हणाल्या, “बाई, ह्यांना ॲडमिट करा. चहात साखर घालायची राहिली, तरी गप प्याले!”

“चुगली करतेस होय गं?” आबा पुटपुटले.

शैलाताईंनी त्यांना अंगणात चालवलं, तर ऑक्सिजन झरकन उतरला. ॲम्ब्युलन्स बोलावली.

कुणाची तब्येत बिघडेल, हे मी आकड्यांवरून ताडते. काकूंना एक कप पुरला. पण हेवा वाटला तो आबांचा, अगदी जळफळाट झाला. त्यांचं गप्प बसणंही कुणाला तरी खटकतं. माझ्या घरी मी एकटीच.

दुपारपासून माझाही घसा खवखवतोय. स्वतःचा ऑक्सिजन अजून पाहिलेला नाही.